फिजिओथेरपीची पदवी : कर्ज किती, कमाई कुणाची?

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे मुले येतात. कुणाला नर्सिंग करावयाचे असते, कुणाला लॅब टेक्निशियन व्हावयाचे असते. अलीकडे फिजिओथेरपीविषयी विचारणारे वाढले आहेत. ‘नीट’चे गुण एमबीबीएसला पुरले नाहीत, पण दवाखान्याच्या दाराबाहेर राहावयाचे नाही, अशी ही जिद्द. तिचे मला कौतुकच आहे. परंतु त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘‘सर, बँक कर्ज देईल का?’’ बँक बहुधा देईल. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जासाठी सरकारची हमी योजना आहे, तारण मागितले जात नाही. ते फेडावयाचे कशातून, हा खरा प्रश्न आहे, आणि तो प्रवेशाआधी विचारला पाहिजे.

हिशेब मांडून पाहू. इंटर्नशिप धरून शिक्षण पाच वर्षांचे. समजा, पहिली चार वर्षे दरवर्षी दीड लाख, असे सहा लाख उचलले. व्याज 10 टक्के. शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो, म्हणून घर निर्धास्त असते. व्याजाला मात्र सुट्टी नाही. पहिल्या दीड लाखावर सहा वर्षांचे, दुसऱ्यावर पाच, तिसऱ्यावर चार, शेवटच्यावर तीन वर्षांचे. सरळव्याजानेसुद्धा ते 2 लाख 70 हजार होते. म्हणजे पहिला हप्ता भरण्याच्या दिवशी सहा लाखांचे 8 लाख 70 हजार झालेले असतात. दहा वर्षांत फेडावयाचे तर महिना सुमारे 11,500 रुपये. पंधरा वर्षांत फेडावयाचे तर सुमारे 9,350. दुसरा हप्ता हलका वाटतो, पण एकूण भरणा 13 लाख 80 हजारांवरून 16 लाख 80 हजारांच्या पुढे जातो.

आता पगार. माझ्या माहितीतल्या मुलामुलींना खाजगी दवाखान्यांत सुरुवातीला पंधरा ते वीस हजार मिळाले. अठरा हजार धरा. 11,500 चा हप्ता गेला की हाती साडेसहा हजार. त्यात शहरातली खोली, खानावळ, लोकलचा पास, आणि गावी पाठवावयाचे पैसे!

यावर कुणी म्हणेल, अमुक फिजिओथेरपिस्ट महिन्याला लाख मिळवतो. मिळवत असेल. पण त्याची कमाई पदवीतूनच आली आहे काय? स्वतःचे क्लिनिक टाकावयाचे तर मोक्याची जागा हवी, यंत्रे हवीत, आणि मुख्य म्हणजे रुग्ण पाठवणारे डॉक्टर हवेत. ज्याचा मामा अस्थिरोगतज्ज्ञ आहे त्याला हे घरात मिळते. घरोघरी जाऊन उपचार करण्यात पैसा आहे खरा, पण तेथेही ओळख लागते, आणि आडनाव विचारून दार उघडणारी घरे अजून आहेत. प्रस्थापितांच्या कमाईत त्यांची वडिलोपार्जित ओळख मिसळलेली असते. तो आकडा आमच्या मुलाच्या कर्जासमोर ठेवणे मला मान्य नाही. त्याच्या कर्जासमोर त्याची पहिल्या तीन वर्षांची कमाईच ठेवावी.

माझे माप असे : हप्ता सुरुवातीच्या पगाराच्या चौथ्या हिश्शाहून मोठा नको. अठरा हजारांवर तो साडेचार हजार होतो. वरच्याच व्याजाने, दहा वर्षांच्या फेडीने, मागे मोजत गेलो तर संपूर्ण शिक्षणात उचलावयाची रक्कम सव्वादोन-अडीच लाखांत बसते. मध्यमवर्गीय बाप अडचणीत चार हप्ते भरून देतो. ज्याच्या बापाने सालगडी म्हणून उचल फेडण्यात उमर घालवली, त्याच्यामागे असे कोण आहे?

म्हणून कोणता अभ्यासक्रम यापेक्षाही प्रवेश कोणत्या दाराने, याला मी अधिक महत्त्व देतो. बाबासाहेबांनी 1942 साली व्हाइसरॉयला निवेदन दिले आणि 1944 पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. स्वतः ते 1913 साली बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार करून अमेरिकेस गेले होते; नोकरीवर हजर झाले तेव्हा राहावयास जागा मिळेना, आणि ती सोडावी लागली. करारात बांधलेले शिक्षण काय असते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. शिष्यवृत्ती फेडावी लागत नाही, हे तिचे मोठेपण.

कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर ही शिष्यवृत्ती, त्यावर असेल तर राज्याची फ्रीशिप. मात्र प्रवेश सरकारच्या कॅप फेरीतूनच झालेला हवा, आणि जात वैधता प्रमाणपत्र हाताशी हवे. संस्थेच्या कोट्यातून जागा घेतली की हा आधार तुटतो. ‘‘आत्ताच जागा अडवा, शिष्यवृत्तीचे नंतर पाहू,’’ असे सांगणारे दलाल निकालाच्या दिवसांत वस्तीपर्यंत येतात. एका मुलीच्या वडिलांनी असे ऐकून शेळ्या विकून पैसे भरले होते. अर्ज नामंजूर झाला तेव्हा दलालाचा फोन बंद होता. कॅपमध्ये यंदा जागा नाही मिळाली तर पुन्हा ‘नीट’ द्यावी किंवा सरकारी महाविद्यालयातला दुसरा अभ्यासक्रम धरावा, असे मी स्पष्ट सांगतो. पालकांना ते कठोर वाटते.

शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात आणि मधल्या काळात महाविद्यालय फीसाठी अडवते, हेही खरे. त्यासाठी आणि वसतिगृहाबाहेर राहावे लागल्यास त्या खर्चासाठी कर्ज मंजूर करून ठेवण्यास हरकत नाही. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडे आधी चौकशी करावी. बँकेतच जावयाचे तर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : शिक्षणकाळातले व्याज सरळ की चक्रवाढ, ते दरमहा भरल्यास दरात सूट किती, आणि या महाविद्यालयाला केंद्राची व्याज अनुदान योजना लागू आहे की नाही. मंजूर रक्कम सगळी उचललीच पाहिजे असे नाही. न उचललेल्या पैशावर व्याज चढत नाही.