गूढविद्येची मासिके : झाकली मूठ कुणाची?

माझ्या आजीच्या अंगात येत असे. अमावस्येला ती घुमू लागली की वस्तीतल्या बाया तिच्यापुढे लिंबू ठेवून आपली गाऱ्हाणी सांगत. दहावी होऊन मी कॉलेजात गेलो तेव्हा कळले, की याला अंधश्रद्धा म्हणतात आणि ती आमच्या मागासलेपणाची खूण आहे. पुढे शिकवू लागल्यावर एका जुन्या ग्रंथालयात एका इंग्रजी मासिकाचे कातडी बांधणीचे खंड हाती आले. मृतात्म्यांशी बोलणे, दूरच्या माणसाच्या मनातले ओळखणे, हिमालयापलीकडच्या गुरूंच्या गोष्टी हे सगळे त्यात होते. पण तिथे त्याला अंधश्रद्धा म्हटलेले नव्हते. त्याला 'गूढविद्या' असे भारदस्त नाव होते. आजीचे घुमणे आणि साहेबाचे घुमणे यांत हा फरक कुणी केला? या प्रश्नासाठी गूढविद्येच्या नियतकालिकांचा इतिहास आपण वाचला पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत अशी नियतकालिके मोठ्या संख्येने निघू लागली. विज्ञानाने बायबलमधल्या सृष्टीच्या कथेला धक्का दिला होता. चर्चवरचा विश्वास उडालेला, पण निव्वळ भौतिकवाद न पटणारा असा एक सुशिक्षित वर्ग तयार झाला होता. त्याला धर्मगुरूशिवायचा धर्म हवा होता. न्यूयॉर्कहून १८८६ मध्ये 'द पाथ' निघाले, लंडनहून १८८७ मध्ये 'ल्यूसिफर' आणि १९०५ मध्ये 'ऑकल्ट रिव्ह्यू'. ॲलिस्टर क्रौलीचे 'द इक्विनॉक्स' १९०९ मध्ये सुरू झाले. पुढे ख्रिस्तपूर्व देवदेवतांची उपासना पुन्हा उभी करणाऱ्या 'पेगन' पंथांनीही आपली पत्रे काढली. १९६८ मध्ये इंग्लंडात 'द विकन' आणि अमेरिकेत 'ग्रीन एग' सुरू झाले. या सर्वांत एक विसंगती समान आहे. जे ज्ञान गुप्त आहे असे सांगायचे, तेच छापायचे आणि विकायचे. ही विसंगती ते एका युक्तीने सांभाळतात. वाचकाला दाराची फट दाखवायची, पण दार उघडायचे नाही. आतले ज्ञान दीक्षा घेतलेल्यालाच, 'अधिकारी' माणसालाच मिळेल असे सांगायचे.

'अधिकार' हा शब्द आपल्याला नवा नाही. वेद ऐकायचा अधिकार नाही, पोथीला हात लावायचा अधिकार नाही, हे ऐकतच आपल्या पिढ्या मेल्या. म्हणून या मासिकांपैकी सर्वांत प्रभावी ठरलेले मासिक मुंबईतच जन्मले, ही गोष्ट मला योगायोगाची वाटत नाही.

थिऑसॉफिकल सोसायटी १८७५ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झाली. तिचे दोन प्रमुख, रशियन बाई हेलेना ब्लाव्हाट्स्की आणि अमेरिकन कर्नल हेन्री ऑल्कॉट, फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले आणि गिरगावात राहू लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्लाव्हाट्स्कीबाईंच्या संपादकत्वाखाली 'द थिऑसॉफिस्ट' हे इंग्रजी मासिक सुरू झाले. पौर्वात्य तत्त्वज्ञान, कला, साहित्य आणि गूढविद्या हे विषय त्याने मुखपृष्ठावरच जाहीर केले होते. स्वामी दयानंद सरस्वतींचे आत्मचरित्र पहिल्या अंकापासून त्यात क्रमशः आले. इंग्रजी शिकलेल्या उच्चवर्णीयाला या मासिकाने मोठा दिलासा दिला. मिशनरी आणि सरकारी शाळा ज्या धर्माला रानटी म्हणत होत्या, त्याच धर्मात जगाचे आदिज्ञान दडलेले आहे असे गोरी माणसे छापून सांगू लागली. गुलामीत पिचलेल्या मनाला ते गोड वाटले. पण त्या आदिज्ञानाच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला होत्या, हा प्रश्न त्या पानांनी क्वचितच विचारला.

त्याच मुंबईत, त्याच काळात दुसरे एक पत्र निघत होते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधू' १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतून चालवायला घेतले. गिरणीत राबणारा कामगार आणि कर्जात बुडालेला शेतकरी हे त्याचे विषय. पुढे गोपाळबाबा वलंगकरांसारखा महार समाजातला निवृत्त लष्करी माणूस त्यातून अस्पृश्यतेवर लिहू लागला. एकाच शहरात दोन छापखाने चालले होते. एक अदृश्य गुरूंचा शोध घेत होता, दुसरा डोळ्यांसमोर असूनही न दिसणाऱ्या माणसांना दृश्य करीत होता. १८८२ मध्ये जोतीराव फुले हंटर आयोगापुढे निवेदन देऊन शूद्रातिशूद्रांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी करीत होते. त्याच वर्षाच्या अखेरीस थिऑसॉफिस्ट मंडळी आपले बिऱ्हाड मद्रासजवळ अड्यारला हलवीत होती.

अड्यारला झाकली मूठ थोडी उघडली. तिथल्या एका खोलीत लाकडी कपाटातून 'महात्म्यां'ची पत्रे प्रकट होत, असे सांगितले जाई. सप्टेंबर १८८४ मध्ये 'मद्रास ख्रिश्चन कॉलेज मॅगझिन'ने ब्लाव्हाट्स्कीबाईंची म्हणून काही पत्रे छापून, हे चमत्कार हातचलाखीचे होते असा आरोप केला. लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चने रिचर्ड हॉजसन यांना चौकशीला पाठवले आणि त्यांच्या १८८५ च्या अहवालाने बाईंना लबाड ठरवले. न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे, की शंभर वर्षांनी, १९८६ मध्ये, त्याच संस्थेच्या नियतकालिकात व्हर्नन हॅरिसन यांनी हॉजसन यांच्या तपासाच्या पद्धतीवर कडक टीका केली. ते कसेही असो. एका मासिकाने उभारलेले गूढ दुसऱ्या मासिकाने चौकशीला उभे केले, हा छापील कागदाचा गुण आहे. पोथीच्या बाबतीत हे कधी घडले नव्हते.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहू. सोसायटीच्या पहिल्या उद्दिष्टात वंश, धर्म, लिंग, जात, वर्ण यांचा भेद न मानणारे विश्वबंधुत्व आहे. दामोदर मावळंकर हा ब्राह्मण तरुण ते वाचून पेटला. आपण जात का सोडली हे सांगणारा त्याचा 'कास्ट्स इन इंडिया' हा लेख मे १८८० च्या 'थिऑसॉफिस्ट'मध्ये आला. त्या काळी हे धाडसच होते. पण जात ही त्याच्या लेखी व्यक्तीने टाकून द्यायची वस्तू होती. बरोबर छत्तीस वर्षांनी, मे १९१६ मध्ये, भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्याच तीन शब्दांनी सुरू होणारा निबंध वाचला. त्यात जात कशी तयार होते, कशी टिकते, स्त्रीवरच्या बंधनांतून ती कशी चालते याची यंत्रणा उघडी केली होती. एकाने जात टाकली, दुसऱ्याने ती उकलून दाखवली. जन्माने ज्याच्या पाठीवर जात लादली आहे, त्याला ती टाकून निघून जाण्याची सोय नसते.

ऑल्कॉट यांचे ऋण मात्र आपण नाकारू नये. त्यांनी १८८० मध्ये सिलोनात गॉल येथे पंचशील घेतले आणि १८९४ मध्ये अड्यारजवळ अस्पृश्य मुलांसाठी मोफत शाळा काढली. १८९८ मध्ये तमिळ विचारवंत अयोथी दास त्यांना भेटले. आम्ही मूळचे बौद्ध आहोत, आम्हाला आमचा धर्म परत हवा, असे त्यांचे म्हणणे होते. ऑल्कॉट यांच्या साहाय्याने ते सिलोनला गेले आणि परतल्यावर मद्रासला शाक्य बौद्ध संघ उभा राहिला. पण अयोथी दास अड्यारच्या मासिकाच्या सावलीत राहिले नाहीत. १९०७ मध्ये त्यांनी स्वतःचे साप्ताहिक काढले. त्याचे नाव 'ओरु पैसा तमिळन', म्हणजे एक पैशाचा तमिळ माणूस. पत्राची किंमत पत्राच्या नावातच होती. ज्ञान कुणासाठी आहे याचे याहून सरळ उत्तर मला माहीत नाही.

त्याच १९०७ साली ऑल्कॉट वारले आणि ॲनी बेझंट सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या. फेब्रुवारी १९०९ च्या 'इंडियन रिव्ह्यू'मध्ये दलितांच्या उद्धारावर त्यांचा लेख आला. या मुलांना आरंभी वेगळेच शिकवावे, असे त्यांनी मांडले. त्यांची शरीरे दारूने आणि उग्र अन्नाने दूषित आहेत. स्वच्छतेचे संस्कार झालेल्या मुलांशेजारी वर्गात बसण्याजोगी व्हायला त्यांना काही पिढ्यांचे शुद्ध अन्न आणि राहणी लागेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधींवरील आपल्या ग्रंथात हा लेख उद्धृत करून ठेवला, म्हणून तो आपल्यासमोर आहे. विश्वबंधुत्वाची शपथ घेतलेल्या बाई इथे कशा पोहोचल्या? माझ्या मते वाट सरळ आहे. मानवजात पायऱ्यापायऱ्यांनी चढते, आत्मा कर्मानुसार जन्म घेतो, शुद्ध शरीरातच वरचे ज्ञान उतरते, ही गूढविद्येची शिकवण. ती भारतात आली तेव्हा तिला आयती उतरंड मिळाली. विटाळाला सूक्ष्म देहाची भाषा मिळाली, एवढेच.

मी वर्गात पहिल्या बाकावर बसलो ते काही पिढ्या थांबून नव्हे. माझे वडील सही करायला प्रौढ वर्गात शिकले, आणि मी पदवीधर झालो.

महापरिनिब्बान सुत्तात भगवान बुद्ध आनंदाला सांगतात, की तथागताने आचार्याची मूठ झाकून ठेवलेली नाही. आतले आणि बाहेरचे असा भेद न करता धम्म सांगितला आहे. आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. गूढविद्येची मासिके याच म्हणीवर चालली. आजीच्या मुठीत काय होते? एक लिंबू, आणि ज्यांचे कुणी ऐकत नव्हते अशा बायांची दुःखे. तिला मी मोठेपणी समजावत राहिलो, तिने थोडे ऐकले, थोडे नाही. पण साहेबाच्या खंडांना मात्र आजही पुष्कळ शिकलेली माणसे हात जोडतात. चिकित्सा करायची तर दोन्ही मुठींची करू. आणि आपण जे काही छापू, ते मूठ उघडी ठेवून छापू.