जलशांचीं व नाटकांचीं जुनीं पत्रकें: त्यांची घरगुती जपणूक

हस्तलिखित पोथीच्या शेवटीं आपलें नांव, शक व तिथि लिहून झाल्यावर लेखकानें वाचकास एक विनंति करण्याची आपल्याकडे जुनी चाल होती. तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून ही पोथी संभाळावी, अशी ती विनंति असे. महिनेच्या महिने मान वांकवून एकेक अक्षर उतरणाऱ्या त्या लेखकास आपल्या श्रमाचें मोल ठाऊक होतें. नाटकाच्या किंवा गाण्याच्या जाहिरातीवर मात्र अशी विनंति कोणी छापीत नाहीं. कारण छापणाऱ्याच्या हिशेबीं त्या कागदाचें आयुष्य चार दिवसांचें. जलसा आटोपला, कीं त्याचें काम संपलें. तरीहि कित्येक घरांत आजोबांच्या ट्रंकेंत, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यांत किंवा माळ्यावरच्या पेटींत अशीं पत्रकें अद्यापि सांपडतात. तीं सांपडल्यावर काय करावें, काय करूं नये, व तें थोडक्या पैशांत कसें साधावें, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या चिटोऱ्यांस एवढें जपण्याचें कारण काय, असें कोणी विचारील. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा प्रयोग पुण्यास ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं झाला आणि संगीत रंगभूमीचा काळ सुरू झाला. पुढें पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें व दरबारांत कोंडलेलें गाणें जाहीर जलशांतून सामान्य माणसाच्या कानापर्यंत आणण्यासाठीं देशभर खटपट केली. गाणें तिकिटावर आलें, तेव्हां श्रोत्यांस बोलावणारा छापील कागदहि त्याच्यामागून आला. जुन्या तबकडीच्या एका बाजूंत तीन-साडेतीन मिनिटांचें गाणें मावे. तें गाणारा त्या वर्षीं कोणत्या गांवीं, कोणाच्या साथीनें व किती आण्यांच्या तिकिटावर गात होता, हें तबकडी सांगत नाहीं, पत्रक सांगतें.

एकच उदाहरण घेऊं. टिळक स्वराज्य फंडासाठीं मुंबईस ८ जुलै १९२१ रोजीं 'संयुक्त मानापमाना'चा प्रयोग झाला. एरवीं दोन निरनिराळ्या मंडळ्यांचे नायक असलेले बालगंधर्व व केशवराव भोसले त्या रात्रीं एका रंगमंचावर उभे राहिले. एक भामिनी, दुसरा धैर्यधर. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत केशवराव निवर्तले. तो प्रयोग डोळ्यांनीं पाहिलेलें आज कोणी राहिलेलें नाहीं. अशा रात्रींविषयीं पुढच्या पिढीस जें कांहीं कळावयाचें, तें कागदावरूनच कळावयाचें. १९५३ मध्यें पुण्यास सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या समारंभांचीं पत्रकेंहि आतां जुनीं होऊं लागलीं आहेत. त्यांनाहि हाच न्याय लागू आहे.

आतां या कागदाचा स्वभाव पाहूं. तीनशें वर्षांची पोथी अजून पांढरी व लवचीक असते आणि साठ वर्षांचें पत्रक हातांत घेतांच तुटतें, याचें अनेकांस नवल वाटतें. पोथीचा हातकागद चिंध्यांच्या किंवा तागाच्या लगद्यापासून केलेला असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लांकडाच्या लगद्याचा यंत्रावरील कागद स्वस्त होऊन सर्वत्र पसरला. स्वस्त प्रतीच्या अशा कागदांत लांकडांतील लिग्निन नांवाचें द्रव्य राहून जातें. तें उजेडानें व हवेनें पिंवळें पडतें. शिवाय शाई फुटूं नये म्हणून त्यास तुरटी व राळ यांची खळ देत, तिच्यामुळें कागदांत आम्ल उत्पन्न होतें. म्हणजे शत्रु घरांतच असतो. बाहेरून त्यास ऊन, ओल, उष्णता व कसर यांची कुमक मिळते. घरांतला शत्रु आपल्यास सहज काढतां येत नाहीं. परंतु बाहेरची कुमक तोडणें आपल्या हातांत आहे आणि त्यास फारसा पैसा लागत नाहीं.

किंबहुना, आमच्या पाहण्यांत अशीं पत्रकें पैशाच्या अभावीं जितकीं गेलीं, त्याहून अधिक तीं अति प्रेमानें केलेल्या खर्चापायीं गेलीं. हल्लीं कोणतीहि जुनी वस्तु हातीं लागली, कीं तिचें लॅमिनेशन करून आणण्याची घाई होते. लॅमिनेशनांत तापलेल्या चिकट द्रव्याच्या योगें प्लॅस्टिक कागदाशीं एकजीव होतें. पुढें तें काढूं म्हटल्यास कागदच निघून येतो. फाटलेल्या जागीं सेलोटेप लावणें हा दुसरा अपराध. कांहीं वर्षांनीं टेप गळून पडते, पण तिचा चिकटा कागदांत मुरून तपकिरी डाग कायमचा राहतो. तिसरा प्रकार म्हणजे सबंध पत्रक पुठ्ठ्यावर किंवा प्लायवुडावर डिंकानें चिकटविणें. चौथा सर्वांत वाईट. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबानें नाटकाचें एक पत्रक चौकटीसाठीं दिलें असतां कारागिरानें तें चौकटींत नेमकें बसावें म्हणून चारी कडा कातरल्या. खालच्या कडेस बारीक अक्षरांत छापखान्याचें नांव होतें. तें केराच्या टोपलींत गेलें. तेव्हां कारागिराच्या हातीं पत्रक देतांना 'एक सूतहि कापूं नये, कोठेंहि चिकटवूं नये' हें त्यास स्पष्ट सांगावें. होईल तर लिहून द्यावें.

यावर घरांतील वडील मंडळी म्हणतील, 'वस्तु आहे ती पाहण्यासाठीं. ट्रंकेंत पुरून ठेवावयाची, तर ती असून नसून सारखीच.' या म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु हल्लींच्या सोयींनीं हा वाद सहज मिटतो. पत्रकाची स्कॅनवर किंवा चांगल्या फोनवर सरळ, सावलींतल्या उजेडांत प्रतिमा घ्यावी, ती मूळ आकारांत छापवावी आणि तिला दिवाणखान्यांत मानानें लावावें. ती फिकी पडली तर दुसरी छापतां येते. मूळ पत्रक मात्र एकच आहे. त्यानें अंधारांत व कोरड्या जागीं आडवें विसावलेलें बरें. भिंतीवरच्या प्रतीपुढें पाहुण्यांशीं बोलावें, आणि गणपतींत किंवा दिवाळींत घरचीं सर्व मुलें जमलीं म्हणजे मूळ कागद काढून दाखवावा. नित्य दिसणाऱ्या वस्तूकडे आपलें लक्ष राहत नाहीं. वर्षांतून एकदां दिसणाऱ्या वस्तूस मुलें अधिक आदरानें पाहतात, असा शाळेंतील आमचा अनुभव आहे.

ज्यांस मूळ पत्रकच भिंतीवर हवें असेल, त्यांनीं पुढील गोष्टी पाळाव्या. घरांतील जुन्या तसबिरींच्या सागवानी चौकटी अडगळींत असतात. त्यांतली एखादी स्वच्छ करून घेतल्यास चौकटीचा खर्च वांचतो. वांचलेला पैसा आंतल्या पुठ्ठ्यावर घालावा. चौकटीच्या पाठीमागें बहुधा प्लायवुड, हार्डबोर्ड किंवा राखी पुठ्ठा असतो. त्यांतील आम्ल कागदांत उतरून पाठ तपकिरी होते. म्हणून पत्रकामागें आम्लमुक्त पुठ्ठा घ्यावा, आणि जुनी लांकडी पाठ तशीच ठेवावयाची असल्यास ती व पुठ्ठा यांच्यामध्यें स्वयंपाकघरांतल्या अॅल्युमिनियमच्या वर्खाचा एक ताव आडवा घालावा. पत्रकाच्या पुढच्या बाजूस त्याच जातीच्या पुठ्ठ्याची खिडकी कापून बसवावी. तिला कारागीर माउंट म्हणतात. ती केवळ शोभेची नव्हे. तिच्यामुळें कांच व कागद यांत अंतर राहतें. पावसाळ्यांत कांचेच्या आंतल्या बाजूस दंव धरतें, तेव्हां टेकलेला कागद कांचेस चिकटून बसतो व सोडवितांना त्यावरील शाई कांचेवर राहते.

पत्रक पुठ्ठ्यावर बसविण्यास चिकट पदार्थाची गरजच नाहीं. आम्लमुक्त कागदाच्या लहान पट्ट्यांचीं, जुन्या फोटोंच्या आल्बमांत असतात तशीं, चार त्रिकोणी कोपरीं घडावीं. कोपरीं पुठ्ठ्यास चिकटवावीं व पत्रकाचे कोपरे त्यांत अलगद सरकवावे. पत्रकास डिंकाचा थेंबहि लागत नाहीं, आणि वाटेल तेव्हां तें बाहेर काढतां येतें. जें आज केलें तें उद्यां सुरक्षितपणें उलटवितां आलें पाहिजे, ही या सर्व विद्येची किल्ली आहे.

चौकट कोठें टांगावी, हेंहि महत्त्वाचें. खिडकीसमोरची भिंत टाळावी. उन्हांतील अतिनील किरणांनीं उडालेला रंग कोणत्याहि उपायानें परत येत नाहीं. रंगीत छपाईंत बहुधा तांबडा व पिंवळा आधीं जातात आणि चित्र निळसर, निस्तेज उरतें. पावसाचा मारा लागणारी बाहेरची भिंत, न्हाणीघराच्या पाठची भिंत आणि स्वयंपाकघर हींहि वर्ज्य समजावीं. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांस मागून बुचाचे लहान तुकडे लावावे, म्हणजे भिंत व चौकट यांमधून हवा खेळते.

आतां सांठवणीविषयीं. पत्रकें शक्य तों आडवीं ठेवावीं. घडी घातलेलें पत्रक सांपडल्यास तें एकदांच, सावकाश उलगडावें. घडीवर पुन्हां घडी घालूं नये. प्रत्येक दोहोंमध्यें आम्लमुक्त कागदाचा ताव घालावा. वर्तमानपत्राचा ताव घालणें म्हणजे रोग्याशेजारीं दुसरा रोगी निजविणें होय. पारदर्शक पिशव्या घ्यावयाच्या असल्यास पॉलिएस्टरच्या घ्याव्या. ज्यांस उग्र वास येतो त्या मऊ पी. व्ही. सी.च्या पिशव्या कालांतरानें चिकट होऊन छपाई ओढून घेतात. भले मोठे भित्तिपत्रक आडवें मावत नसेल, तर चार ते सहा इंच व्यासाच्या नळकांड्यावर आधीं आम्लमुक्त कागद लपेटून त्याच्या बाहेरून पत्रक सैल गुंडाळावें. अरुंद नळींत कोंबूं नये. हें सर्व लोखंडी कपाटांत किंवा ट्रंकेंत ठेवावें. ट्रंक जमिनीवर न टेकवितां विटांवर किंवा पाटांवर ठेवावी, व बाहेरच्या भिंतीपासून चार बोटें दूर असावी.

हवेंतील ओलावा शेंकडा ६५ ते ७० च्या वर बराच काळ राहिला, कीं बुरशी धरते. मुंबईंत व कोंकणांत पावसाळाभर तो याहून अधिक असतो. म्हणून भर पावसांत पेटी उघडूं नये. पाऊस सरल्यावर कोरड्या दिवशीं ती उघडावी, पत्रकें सावलींत तास-दोन तास ठेवावीं, मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी व कसर लागली आहे काय तें पाहावें. ओलें फडकें लावूं नये. जुनीं पत्रकें पुष्कळदां गुलाबी किंवा हिरव्या पातळ कागदावर छापीत, व तो रंग पाण्यानें तत्काळ फुटतो. वेखंड किंवा कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवावयाचा असल्यास फडक्याच्या पुरचुंडींत बांधून कोपऱ्यांत ठेवावा. कागदास लागूं देऊं नये. डांबराच्या गोळ्या तर कागदाजवळ नकोतच. वेखंडाच्या भरंवशावर राहण्यापेक्षां वर्षांतून दोनदां स्वतः पाहणें अधिक गुणकारी.

फाटलेल्या जागेची डागडुजी करावयाचीच असेल, तर ती पाठीमागून, पातळ पण चिवट अशा जपानी कागदाच्या पट्टीनें व मैद्याच्या ताज्या पातळ खळीनें करावी. बांधणीवाले खळींत मोरचूद घालीत असत, तो येथें घालूं नये. किडा मरतो खरा, पण तांब्याच्या अंशानें कागदहि खंगतो.

शेवटची गोष्ट अगदीं फुकट आहे, आणि आमच्या मतें सर्वांत मोलाची. प्रत्येक पत्रकाबरोबर स्वतंत्र चिठीवर मऊ पेन्सिलीनें लिहून ठेवावें: हें कोणाचें, कोठून आलें, त्या जलशास घरचें कोण गेलें होतें, त्या रात्रीचें कोणास काय आठवतें. एकत्र कुटुंबांत ही माहिती एकट्याच्या डोक्यांत नसते. काकांस गायकाचें नांव आठवतें, आत्याबाईंस कोण रुसून घरीं राहिलें तें आठवतें, आजीस त्या दिवशींचा पाऊस आठवतो. आज वाडे पडून त्या जागीं इमारती उठत आहेत व भावाभावांचीं बिऱ्हाडें वेगळीं होत आहेत. भांडींकुंडीं व दागिने यांची वाटणी यादी करून होते. कागदांची पेटी मात्र कोणाच्याच यादींत नसते आणि ती रद्दीवाल्याच्या तागडींत जाते. नांवनिशी असलेली पेटी रद्दींत टाकतांना माणसाचा हात क्षणभर तरी थांबतो. घरांत संभाळणारें कोणी नसेलच, तर एखाद्या जुन्या ग्रंथसंग्रहालयास आधीं विचारून तेथें द्यावी.

येत्या सुटींत घरचीं वडील माणसें व मुलें एकत्र असतील, तेव्हां एक दुपार या कामास द्यावी. पेटी उघडावी, चिठ्या लिहाव्या आणि मुलांकडून मोठ्यानें वाचून घ्याव्या. लॅमिनेशनवाल्याकडे मात्र जाऊं नये. इत्यलम्.