आमच्या वऱ्हाडातला जाहीरनामा

भाऊबीजेला ओवाळणी मिळते, हे ठाऊक होते. तिच्याबरोबर भांडणही मिळते, हे परवाच्या दिवाळीत कळले.

वाशिमला दादाकडे पोहोचले, तो ओसरीवर सोयाबीनची पोती, स्वयंपाकघरात चिवड्याची परात आणि माडीवर भाची फुरंगटून बसलेली! वहिनींनी हळूच सांगितले ते असे : एक चांगले स्थळ चालून आले होते. त्या मंडळींना घाई होती आणि पोरीची एम. ए.ची परीक्षा नेमकी आडवी येत होती. दादाचे म्हणणे, “परीक्षा काय, पुढेही देता येईल.”

मी माडीवर गेले. भाचीपुढे अमेरिकन साहित्याची वही उघडी होती.

“आत्या, हे बघ,” ती म्हणाली, “१८४८ साल. न्यूयॉर्क राज्यातलं सेनेका फॉल्स गाव. एलिझाबेथ केडी स्टँटन आणि तिच्या मैत्रिणींनी सभा भरवली आणि जाहीरनामाच काढला.”

त्या बायकांची युक्ती मला फार आवडली. अमेरिकेने १७७६ मध्ये इंग्लंडच्या राजाविरुद्ध स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला होता. त्याचाच साचा त्यांनी उचलला आणि राजाच्या जागी पुरुषाला बसवले! शिक्षण नाही, मालमत्ता नाही, मत नाही, अशी तक्रारींची यादीच दिली. खाली ६८ बायकांनी आणि ३२ पुरुषांनी सह्या केल्या. मताच्या हक्काचा ठराव तेवढा अडला. तेव्हा त्याच्या बाजूने उभा राहिला फ्रेडरिक डग्लस, गुलामगिरीतून निसटून आलेला काळा माणूस. ज्याला स्वतःला साखळी ठाऊक, त्याला दुसऱ्याची साखळी लवकर दिसते. तरीही अमेरिकेच्या राज्यघटनेत बायकांच्या मताचा हक्क यायला १९२० साल उजाडले, आणि दक्षिणेतल्या काळ्या लोकांना तो खऱ्या अर्थाने मिळण्यासाठी १९६५ चा कायदा व्हावा लागला.

“पण हे खाली जाऊन सांगितलं, तर बाबा काय म्हणतील?” भाची उसासली. “‘ते तिकडचं. आपल्याकडे नाही तसं.’”

“आपल्याकडे? अगं, आपल्या वऱ्हाडातच आहे!” मी म्हणाले.

वाचकहो, अमेरिका आपल्याला वाटते तितकी लांब नव्हती. १८६१ मध्ये तिथे गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी पेटली. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेना, आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये लढाई संपली, तसा तो भाव उतरला. पण गुलाम मोकळे झाल्याची वार्ता काही माणसांनी मनात जपून ठेवली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिले, ते काळ्यांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले. आपले देशबांधवही त्यांचा कित्ता गिरवतील, ही त्यांची आशा. या जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली, तेही सेनेका फॉल्सचेच वर्ष, १८४८!

फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे एक सभासद बुलढाण्यास होते, बापूजी हरी शिंदे. सरकारी कचेरीत हेडक्लार्क. त्यांची मुलगी ताराबाई. वाशिमहून मालेगाव, मेहकर, चिखली करीत गेले की बुलढाणा. म्हणजे आमच्या शेजारचीच म्हणायची!

१८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला स्वतःचे मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती उतरवून हद्दपारीची केली गेली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले गेले. ताराबाई संतापल्या आणि १८८२ मध्ये त्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक पुण्यात छापवले. किंमत नऊ आणे. बायकांवर जे जे दुर्गुण लादता, ते पुरुषांत नाहीत काय, हा त्यांचा सवाल. बायको गेली की नवरा दुसरी आणतो आणि नवरा गेला की बाईने जन्मभर कोपऱ्यात बसायचे, हा कुठला न्याय? भाषा अशी, की फोडणीत मिरची पडावी! चहूकडून टीका झाली. फुले मात्र त्यांच्या पाठीशी उभे राहिले. नंतर त्या पुस्तकाचा लोकांना विसरच पडला. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे ते आपल्या हाती आले.

सेनेका फॉल्सला शंभर सह्या होत्या. बुलढाण्याच्या जाहीरनाम्यावर एकच.

भाची ऐकत होती. “मग चल, हे बाबांना सांगू,” म्हणून उठलीच.

खाली दादा आकाशकंदिलाची वायर जोडत होता. मी ताराबाईंची हकीगत सांगितली. त्याने ‘हं’ केले. पुस्तके मोठी असतात, पण घरात बोलणाऱ्याला घरचाच दाखला लागतो. मग मी म्हणाले, “दादा, बारावीनंतर माझं शिक्षण थांबणार होतं. अण्णांशी आठ दिवस अबोला धरून मला अकोल्याच्या कॉलेजात कुणी घातलं?”

त्याचा हात थांबला. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, हसू लपवायला की आणखी काही, कोण जाणे.

“ते वेगळं होतं,” तो म्हणाला.

“काय वेगळं होतं, बाबा?” भाचीने विचारले. आवाज चढवला नाही, नुसते विचारले.

दादाने उत्तर दिले नाही. कंदील टांगला, बटण दाबले, उजेड पडला. मग हात पुसून त्याने त्या मंडळींना फोन लावला : मुलीची परीक्षा होऊ द्या, मग बसू.

मी निघेपर्यंत त्यांचे उत्तर आले नव्हते. भाचीला त्याची फिकीर दिसली नाही. मला स्टँडवर पोचवायला आली, तेव्हा तिच्या पिशवीत वही होती.