विज्ञानकथेतली सोयरीक

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकन मालिकेचा १९९२ साली आलेला ‘द इनर लाइट’ हा भाग भोर-वेल्ह्याच्या माणसाने एकदा तरी बघावा. कॅप्टन पिकार्ड यानात बेशुद्ध पडतो आणि जागा होतो तो एका अनोळखी गावात. तिथे त्याला बायको आहे, मित्र आहेत. आधी तो हे सगळं नाकारतो, मग रुळतो. मुलं होतात, बायको जाते, मांडीवर नातू येतो. गावाचं पाणी मात्र वर्षागणिक आटत चाललेलं असतं. शेवटी कळतं, की ते गाव हजार वर्षांपूर्वीच संपलंय. आपली आठवण कुणीतरी ठेवावी म्हणून तिथल्या लोकांनी एक छोटं यान अवकाशात सोडलं होतं. इकडे जेमतेम पंचवीस मिनिटं गेलेली असतात. पिकार्डच्या हाती उरते बासरी. या भागाला १९९३चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्यात लढाई नाही, आहे तो एका माणसाचा संसार.

भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव ही धरणं भोर-वेल्हे या भागातलीच. उन्हाळ्यात भाटघरचं पाणी उतरलं, की कांबरेश्वराचं मंदिर उघडं पडतं. घरं-शेतं पाण्याखाली गेली, लोक उठले, भावकी पांगली. पिकार्डचं दुःख इथे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

जर्मन मालिका ‘डार्क’ (२०१७ ते २०२०) तर चार कुटुंबांच्या एका लहानशा गावातच घडते. २०१९मधला मिकेल नावाचा मुलगा १९८६मध्ये जाऊन पडतो, तिथेच वाढतो, लग्न करतो आणि योनासचा बाप होतो. योनासचं प्रेम बसलेलं असतं मार्थावर; ती निघते मिकेलची बहीण, म्हणजे योनासची आत्या! कालप्रवासाचं गणित डोक्यावरून गेलं तरी चालतं, त्या पोराची कोंडी जिवाला लागते.

आपल्याकडे दूरदर्शनवर १९८९मध्ये ‘इंद्रधनुष’ आली, १९९८मध्ये ‘कॅप्टन व्योम’. मुलांनी त्या डोक्यावर घेतल्या, पण भर साहसावर होता. २०१६च्या ‘बहू हमारी रजनीकांत’ने यंत्रमानव सून म्हणून घरात आणली. मालिका विनोदी होती, तरी नेमकी जागा तिला सापडली होती: सासरच्यांना कळलं तर?

मराठीत जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये मला अशीच एक जागा दिसते. मराठे पानिपत जिंकलेल्या जगात पोचलेले गंगाधरपंत मुंबईत मुलाच्या कचेरीत चौकशी करतात. त्या नावाचा कुणी तिथे नसतोच. कथेला इतिहासाचा शोध घ्यायचा असतो, म्हणून ती पुढे ग्रंथालयाकडे वळते, आणि कथेपुरतं ते योग्यच आहे. मालिकेने मात्र त्या कचेरीच्या दारातच थांबायला हवं. ज्याचा मुलगा जन्मलाच नाही, त्या बापाने घरी परतायचं कसं? यावर शंभर भाग निघतील.

नात्यांचे पदर उलगडण्याचा एवढा सराव असलेले मराठी मालिकालेखक विज्ञानाला बिचकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. भोरचा राजवाडा चित्रीकरणाला सरावलेला आहे. पुढच्या खेपेला वाहिन्यांनी कॅमेरे तिथून थोडे पुढे, भाटघरच्या काठावर न्यावेत आणि बुडालेल्या गावातल्या एका घराची विज्ञानमालिका आम्हाला द्यावी.