लहान मोटारीचे ब्रेक आणि जालन्याचा उन्हाळा

पुढे डिस्क व मागे ड्रम असलेली लहान मोटार भोकरदन-अंबडच्या रस्त्यांवर बाळगणाऱ्या मित्रांस माझा मनःपूर्वक आग्रह आहे की, मोठ्या डिस्कच्या मोहात पडण्यापूर्वी त्यांनी उत्तम पॅड, नवे रबरी होज आणि ताजे डॉट ४ ब्रेक ऑइल घरच्या अंगणात बसवावे. कारण हे द्रव हवेतील आर्द्रता शोषते, त्याचा उत्कलनांक घटतो आणि लांब उतारावर त्यात वाफ धरली की पेडल निष्प्रभ होते. कोऱ्या डॉट ३ चा किमान उत्कलनांक २०५, तर डॉट ४ चा २३० अंश सेल्सिअस. मूळ रचनाच बदलावयाची असल्यास मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ आधी अवश्य वाचावे. गाडी केवळ जॅकच्या भरवशावर न ठेवता स्टँडवर टेकवावी, आणि काम संपताच, रस्त्यावर निघण्यापूर्वी, पेडल घट्ट होईपर्यंत दाबावे.