उतरतां उतरतां पुनः आकाशांत

विमान जमिनीस टेंकण्याच्या बेतांत आहे, खिडकींतून घरांचीं छपरें आणि रस्त्यांवरील मोटारी स्पष्ट दिसूं लागल्या आहेत, आणि एकाएकीं इंजिनांचा आवाज वाढून विमान नाक वर करतें व पुनः आकाशांत चढूं लागतें. हा अनुभव आतां पुष्कळ कुटुंबांस आलेला असतो. मुलाकडे परदेशीं निघालेलीं वडील मंडळी असोत, कीं दिल्लीचें काम आटोपून मुंबईस परतणारे नोकरदार असोत, त्या क्षणीं पोटांत गोळा उठतो, देवाचें नांव ओठांवर येतें, आणि घरीं पोंचल्यावर थोडक्यांत वांचल्याची हकीकत चहाबरोबर सांगितली जाते. आमच्या मतें हें भय चुकीच्या क्षणास चिकटलेलें असतें. विमान वर चढूं लागलें तेव्हां संकट बहुधा मागें पडलेलें असतें. वैमानिक या कृतीस 'गो-अराउंड' म्हणतात. ती कां करावी लागते आणि तिचा निर्णय कोण घेतो, हें वाचकांपुढें मांडावें असें आम्हीं योजिलें आहे.

हा सारा हिशेब सेकंदांचा आहे. मोठें प्रवासी विमान उतरावयास येतें तेव्हां त्याचा वेग साधारणतः १४० नॉट, म्हणजे ताशीं सुमारें २६० किलोमीटर, असतो. एक सागरी मैल तोडण्यास त्याला सुमारें २६ सेकंद पुरतात. तें धांवपट्टीपासून तीन सागरी मैलांवर असेल, तर पट्टीचा उंबरठा गांठावयास त्यास सव्वा मिनिटाहून फारसा अधिक वेळ लागत नाहीं. एवढ्या अवधींत दुसरें विमान उडवून द्यावयाचें, तर त्यानें पट्टीवर यावयाचें, वळून सरळ व्हावयाचें, इंजिनांस जोर द्यावयाचा, आणि अर्ध्या-पाऊण मिनिटाची धांव घेऊन जमीन सोडावयाची. मनोऱ्यांतील नियंत्रकानें मनांत घातलेलें हें गणित जुळलें तर एकाच पट्टीवर दोन्ही कामें होतात. न जुळलें तर? आगगाडी सिग्नलाबाहेर तासभर उभी करून ठेवतां येते आणि ठेवलीही जाते. उतरणाऱ्या विमानास मात्र हवेंत उभें राहतां येत नाहीं. त्यास एकच वाट मोकळी असते, ती वरची.

आंतरराष्ट्रीय नियम असा आहे कीं, पुढचें विमान पट्टीचें दुसरें टोंक ओलांडून गेल्यावांचून किंवा हवेंत वळल्यावांचून मागच्या विमानानें पट्टीचा उंबरठा ओलांडूं नये. दिवसाउजेडीं, हवा स्वच्छ असतां, मोठ्या विमानांच्या बाबतींत यांत थोडी सवलत देतां येते. तेव्हां पुढचें विमान जमीन सोडून उंबरठ्यापासून निदान २४०० मीटर पुढें गेलेलें असावें लागतें. शिवाय अवजड विमानाच्या पंखांच्या टोंकांपासून हवेचे प्रचंड भोंवरे निघतात, त्यांत मागचें विमान सांपडूं नये म्हणून वेगळें अंतर राखावें लागतें तें निराळेंच.

मुंबईच्या विमानतळावर हा हिशेब फार ताणला जातो. तेथें धांवपट्ट्या दोन आहेत, परंतु त्या एकमेकींस छेदतात. म्हणून दोन्ही एकाच वेळीं स्वतंत्रपणें चालवितां येत नाहींत. अशा स्थितींत ११ नोव्हेंबर २०२३ रोजीं चोवीस तासांत तेथें १०३२ विमानांची चढ-उतार झाली. सरासरीनें दर ८४ सेकंदांस एक विमान! हा विक्रम म्हणून वृत्तपत्रांनीं गौरविला. आम्हांस मात्र तो आंकडा वाचून नियंत्रकाच्या मानेवरील घामच दिसला. पुढें ८ जून २०२४ रोजीं त्याच विमानतळावर तिरुवनंतपुरमला निघालेलें एअर इंडियाचें विमान पट्टीवर धांवत असतांनाच इंदूरहून आलेलें इंडिगोचें विमान त्याच्या मागें त्याच पट्टीवर उतरलें. इजा कोणास झाली नाहीं. विमान वाहतूक महासंचालनालयानें चौकशी आरंभिली आणि संबंधित नियंत्रकास कामावरून दूर ठेविलें. इंडिगोच्या वैमानिकांपाशीं उतरण्याची परवानगी होती. तथापि परवानगी मिळाली म्हणून पुढें पाहण्याचें काम संपत नाहीं, आणि वर जाण्यास वैमानिकास कोणाची परवानगी मागावी लागत नाहीं.

याचें उत्तम उदाहरण अमेरिकेंत टेक्सास संस्थानांतील ऑस्टिन येथें ४ फेब्रुवारी २०२३ रोजीं घडलें. सकाळची वेळ, आणि धुकें एवढें दाट कीं मनोऱ्यांतून पट्टी दिसत नव्हती. जमिनीवरील विमानें दाखविणारें रडारही त्या वेळीं तेथें नव्हतें. फेडएक्सचें बोईंग ७६७ हें मालवाहू विमान यंत्रांच्या आधारें उतरत होतें. तें सुमारें तीन मैलांवर असतां नियंत्रकानें साउथवेस्टच्या बोईंग ७३७ विमानास त्याच पट्टीवरून उडण्याची आज्ञा दिली. त्यांत १२८ माणसें होतीं आणि तें मेक्सिकोंतील कॅनकूनला निघालें होतें. तें चटकन उडेल असें नियंत्रकानें गृहीत धरलें. विमान मात्र पट्टीवर येऊन इंजिनें तपासण्यासाठीं कांहीं सेकंद उभें राहिलें. फेडएक्सच्या वैमानिकांच्या मनांत शंका आली. आपणांस उतरण्याची परवानगी खरोखरच आहे ना, असें त्यांनीं विचारूनही घेतलें, व 'आहे' असें उत्तर मिळालें. तरी त्यांनीं डोळे पुढेंच लावून ठेविले. जमिनीपासून अगदीं थोड्या उंचीवर असतां सहवैमानिकास धुक्यांतून दुसऱ्या विमानाचे दिवे दिसले. त्यानें तत्काळ वर जाण्यास सांगितलें, आणि साउथवेस्टनें थांबावें म्हणून स्वतःच रेडिओवरून हांक दिली. तें थांबलें नाहीं, तेंही उडालें. म्हणजे एकाच दिशेस, एकावर एक, दोन्ही विमानें चढूं लागलीं! त्यांच्यांतील अंतर दोनशें फुटांहूनही कमी उरलें होतें. फेडएक्सचे वैमानिक तिघे होते. त्यांच्या जागरूकतेमुळें खालच्या १२८ जणांचे प्राण वांचले असें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

वर जाणें हेंही पूर्ण निर्धोक असतें असें मात्र कोणी समजूं नये. ३ ऑगस्ट २०१६ रोजीं तिरुवनंतपुरमहून ३०० माणसें घेऊन दुबईस पोंचलेल्या एमिरेट्सच्या बोईंग ७७७ विमानाचीं चाकें जमिनीस लागल्यावर वैमानिकांनीं पुनः वर जाण्याचें ठरविलें. त्यासाठीं दाबावयाची कळ चाकें टेंकल्यावर काम करीत नाहीं. इंजिनांचे दांडे हातानें पुढें लोटावे लागतात. तें वेळेवर झालें नाहीं. विमान थोडें उचललें आणि पोटावर पडलें. तिनशेंही जण बाहेर निघाले. आग विझविणारा एक जवान मात्र प्राणांस मुकला.

तरीही आमचें मत असें कीं आज वैमानिक वर जाण्याचें धैर्य अधिक दाखवीत नाहींत, तर कमी दाखवितात. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासांत असें आढळलें कीं, उतरण्याची घडी नीट बसलेली नसतांही शंभरांपैकीं सुमारें सत्त्याण्णव वेळां विमान तसेंच खालीं नेलें जातें. इंधनाचा खर्च, वेळापत्रक, आणि 'आपणांस जमलें नाहीं' असें दिसण्याची लाज, हीं कारणें आपल्या घरांतही ओळखीचीं आहेत. म्हणून अनेक कंपन्यांनीं असा दंडक घातला आहे कीं, गो-अराउंड केल्याबद्दल वैमानिकास दोष दिला जाणार नाहीं.

प्रवाशांस बहुधा आणखी एका गोष्टीचा त्रास होतो: विमान वर गेल्यावर कांहीं मिनिटें वैमानिक एक शब्दही बोलत नाहीं. यांत लपवालपवी नसते. आधीं विमान सांभाळावें, मग दिशा धरावी, आणि बोलणें त्यानंतर, असा क्रम त्यांस शिकविलेला असतो. त्या वेळांत चाकें वर घ्यावयाचीं असतात, पंखांच्या झडपा आंवरावयाच्या असतात, उंची राखावयाची असते व नियंत्रकाकडून नवा मार्ग घ्यावयाचा असतो. ध्वनिक्षेपकावरून खुलासा ऐकूं येतो तो हें सर्व उरकल्यावर, आणि तोंवर विमान वळसा घेऊन पुनः रांगेंत आपल्या जागीं लागलेलें असतें.