वेताळाचा मुखवटा आणि बाबासाहेबांचा कोट

सुपरहिरो हा शब्द आता खेड्यापाड्यातल्या पोरांच्याही तोंडी आहे. कळमेश्वरच्या बाजारात स्पायडरमॅनचे टी-शर्ट टांगलेले असतात आणि वस्तीतली नातवंडे तेच घालून हिंडतात. हे पाहून नाक मुरडणारे कार्यकर्ते आपल्यात पुष्कळ आहेत. परक्या देशाचे खूळ, भांडवलदारांचा धंदा, मुलांच्या मेंदूवर हल्ला, वगैरे वगैरे. प्रस्तुत लेखकाला असे नाक मुरडता येत नाही. कारण आमच्या पिढीनेही एक सुपरहिरो डोक्यावर घेतला होता आणि त्याचे नाव होते वेताळ.

टाइम्स ऑफ इंडियाच्या मालकांनी मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. मराठीतही ते निघत. पहिले बत्तीस अंक एकट्या वेताळाचे होते, मागाहून मँड्रेक जादूगार, फ्लॅश गॉर्डन वगैरे मंडळी आली, १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूरही आला. १९९० साली दुकान बंद होईपर्यंत आठशेवर अंक निघाले. कळमेश्वर हे नागपूर-इटारसी मार्गावरचे लहानसे स्टेशन, नागपूर तासाभरावर. सीताबर्डीच्या फुटपाथवरून जुने अंक घेऊन कोणीतरी येई आणि वस्तीत एक अंक पाच-पंचवीस हातांतून फिरे. मुखपृष्ठ निघून जाई, शेवटचे पान हरवे. मग ज्याला शेवट ठाऊक असेल तो सांगे, आणि ज्याला ठाऊक नसेल तो आपल्या मनाचा सांगे. काही गोष्टींचे तीन-तीन शेवट आम्हाला पाठ होते.

आमच्याच पोरांना वेताळ इतका का आवडावा? जांभळा वेष, पांढरा घोडा, जबड्यावर उमटणारी कवटीची खूण ही कारणे आहेतच. पण खरे कारण मुखवटा हे असावे, असे मला वाटते. शाळेत हजेरी घेताना आडनाव वाचले की वर्गातली नजर कुणीकडे वळते, हे ज्याने सोसले आहे त्याला मुखवट्याचे मोल वेगळे सांगायला नको. वेताळाला कोणी आडनाव विचारत नाही, गाव विचारत नाही, कोणत्या आळीत राहतोस असेही विचारत नाही. तो येतो, दांडगाई करणाऱ्याला एक ठोसा देतो आणि जातो. ज्यांच्या बापाने पाटलाच्या ओट्याखाली उभे राहून बोलण्याचे दिवस पाहिले, त्या मुलांना तो ठोसा आपलाच वाटला तर नवल नाही.

पुढे आम्ही मोठे झालो आणि काळही मोठा होत होता. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. राजा ढाले, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार ही नावे विदर्भातल्या पोरांच्या तोंडी आली. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. इकडे नागपुरात ४ ऑगस्टला नामांतरवाद्यांवर गोळीबार झाला, माणसे मेली. इंदोऱ्यातले शहीद स्मारक त्याचेच आहे. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. त्या सोळा वर्षांत जंगलातून घोड्यावर बसून कोणीही आला नाही. जे काही मिळाले ते मोर्चातल्या, तुरुंगातल्या, घरदार जळालेल्या साध्या माणसांनी मिळवले. हे पाहिल्यावर वेताळाचे अंक आम्ही फेकून दिले का? नाही. पण पुन्हा उघडले तेव्हा डोळे निराळे होते.

आता तेच अंक नीट पाहा. ली फॉक नावाच्या अमेरिकन लेखकाने १७ फेब्रुवारी १९३६ रोजी ही चित्रमालिका सुरू केली. १५३६ साली चाच्यांनी एक इंग्रजी जहाज लुटले, त्यातला एक गोरा तरुण वाचून किनाऱ्याला लागला, त्याने बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली आणि तो पहिला वेताळ झाला. त्याचा मुलगा दुसरा, त्याचा मुलगा तिसरा, असे करत आपण वाचतो तो एकविसावा. म्हणजे चारशे वर्षे एकाच घराण्यात गादी! आणि जंगलातल्या लोकांना सांगायचे काय, तर हा एकच माणूस आहे आणि तो मरतच नाही. बाप मेला की मुलाने तोच वेष चढवायचा. रहस्य ठाऊक कोणाला, तर मोजक्या विश्वासूंना. लोकांच्या अज्ञानावर चालणारी वंशपरंपरागत सत्ता आपल्याला कोठे दिसली नाही? ग्रामदेवतेच्या पुजाऱ्याकडेही हाच कारभार आहे.

त्या जंगलात बांदार नावाची बुटक्या माणसांची जमात आहे. ती पूर्वी वसाका नावाच्या धिप्पाड लोकांची गुलाम होती आणि पहिल्या वेताळाने तिला मुक्त केले, अशी कथा आहे. कवटीच्या गुहेचा पहारा बांदारांचा, विषारी बाण बांदारांचे, त्या बाणांच्या भीतीने शत्रू दूर राहतो तेही बांदारांमुळे. सिंहासनावर मात्र वेताळ. नागपूरकडे हिंदी बोलणारा माणूस माकडाला बंदर म्हणतो, त्यामुळे हे नाव वाचताना मला दुसरीच गोष्ट आठवते. राजपुत्र वनात येतो, वनातले लोक त्याचे सैन्य होतात, पूल ते बांधतात, मरतात ते, आणि राज्याभिषेक राजपुत्राचा होतो. फॉक साहेबाने रामायण समोर ठेवून लिहिले असे मी म्हणत नाही. गुलामाची मुक्ती वरून आलेल्या कोणाच्या तरी दयेवर ठेवायची, ही जगभरच्या मालकांची समान आवड आहे, एवढेच.

आणखी एक गंमत आहे, ती इथल्या संपादकांची. मूळ मालिकेत देशाचे नाव बंगालसारखे वाजत होते, ते भारतीय आवृत्तीत डेंकाली केले. चाच्यांच्या टोळीचे नाव सिंग होते, ते सिंगा केले. बापाच्या खुन्याचे नाव चक्क राम होते, त्याचे रामलू केले. म्हणजे कोणाच्या भावना दुखावतील याचा विचार या मंडळींनी बारकाईने केला होता. बंगाल्याची काळजी घेतली, सिंग आडनावाची घेतली, रामभक्तांची तर घेतलीच. जंगलातल्या काळ्या, ठेंगण्या माणसाची काळजी घ्यावी असे मात्र त्यांना सुचले नाही. कारण तो ग्राहक नव्हता, आणि त्याच्या वतीने पत्र लिहिणारा कोणी संपादकाच्या ओळखीचा नव्हता. वस्तीतले आम्ही ग्राहक होतो खरे, पण जुन्या अंकांचे.

एवढे सांगून वेताळाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून मोकळे होता येत नाही. फॉकनेच १९६० च्या दशकात त्या देशात लामांडा लुआगा नावाचा काळा डॉक्टर आणला आणि त्याला निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष केले. आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र होत होते, त्याची हवा चित्रांच्या चौकटीतही शिरली. त्याहून मोठी गोष्ट पापुआ न्यू गिनीतली. तिथल्या डोंगराळ भागातल्या वाघी लोकांनी आपल्या लढाईच्या ढालींवर वेताळाचे चित्र रंगवले. न मरणारा माणूस ढालीवर असलेला बरा, हा त्यांचा हिशेब. गोऱ्याच्या गोष्टीतला नायक त्यांनी उचलला आणि आपल्या कामाला लावला. कळमेश्वरच्या वस्तीत आम्हीही वेगळे काय करत होतो? हरवलेल्या पानाचा शेवट आम्ही आमच्या मनाचा करत होतोच.

नातवंडांच्या पिढीचा ब्लॅक पँथर १६ फेब्रुवारी २०१८ रोजी भारतात पडद्यावर आला. दीड महिन्यापूर्वीच, १ जानेवारीला, भीमा कोरेगावला अभिवादनासाठी गेलेल्या आपल्या माणसांवर दगडफेक झाली होती आणि ३ तारखेला महाराष्ट्र बंद झाला होता. अशा दिवसांत पडद्यावर एक काळा नायक, काळी सेनानी, काळी वैज्ञानिक मुलगी दिसली तेव्हा आपल्या पोरांची छाती फुगली. त्यांना सांगण्यासारखा इतिहास यात आहे. हे पात्र जुलै १९६६ च्या अंकात आले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ओकलंड शहरात खरी ब्लॅक पँथर पार्टी स्थापन झाली. पार्टीची दहशत इतकी, की १९७२ च्या एका अंकात कॉमिक्सवाल्यांनी आपल्या नायकाचे नाव काही काळ ब्लॅक लेपर्ड करून टाकले. नेमक्या त्याच वर्षी मुंबईतल्या आमच्या तरुणांनी ते नाव छातीला लावले. न्यूयॉर्कच्या प्रकाशकाला जे नाव जड झाले ते कामाठीपुऱ्याला आणि वडाळ्याला जड झाले नाही!

सिनेमा मला आवडला. पण त्यातही राजाचा मुलगाच राजा होतो, आणि ओकलंडच्या गरीब वस्तीत वाढलेला, जगभरच्या पिचलेल्या काळ्या माणसांसाठी शस्त्र मागणारा भाऊ खलनायक ठरतो. चर्चा करायची तर इथे करावी. नायकाचा रंग बदलला, गादीचा नियम तोच राहिला.

या गादीच्या नियमाचे आपल्याशी फार जवळचे नाते आहे, म्हणून हा लेखनप्रपंच. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांवर बोलताना बाबासाहेबांनी विभूतिपूजेची चिरफाड केली. थोर माणूस कोणाला म्हणावे, याची कसोटी त्यांनी तिथे सामाजिक हेतूवर लावली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी सांगितले, की धर्मातली भक्ती आत्म्याला तारत असेल, राजकारणातली भक्ती मात्र देशाला अधःपाताकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत तर अवतारच नाकारला आहे. आणि आपण काय करतो? ३ ऑक्टोबर १९५७ ला याच नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत त्याचे तुकडे सुरू झाले. प्रत्येक तुकड्याला एक वेताळ हवा असतो. एक मुखवटा उतरला की तोच वेष दुसऱ्याने चढवायचा आणि आपण म्हणायचे, हा मरत नाही. निवडणुकीच्या आदल्या रात्री कोणीतरी येईल म्हणून वाट पाहणारा कार्यकर्ता मला प्रत्येक तालुक्यात भेटतो. बूथवर बसायला मात्र माणूस मिळत नाही.

नागपूरहून कळमेश्वर-काटोलकडे येताना फेटरीजवळ चिचोलीचे शांतिवन लागते. १९५६ च्या दीक्षा सोहळ्याच्या आयोजनात पुढे असलेल्या वामनराव गोडबोले यांनी ते उभे केले. बाबासाहेबांचा कोट, हॅट, टंकलेखन यंत्र अशा वापरातल्या वस्तू तिथे जपल्या आहेत. पोरांना घेऊन जा. तो कोट माणसाच्या मापाचा आहे. मधुमेहाने पोखरलेले, रात्र रात्र जागून लिहिणारे एक शरीर त्यात वावरत होते. त्या यंत्राची एकेक कळ बोटाने दाबावी लागत होती.

आणि पोरांना चित्रांचीच गोडी असेल तर त्याचीही सोय झाली आहे, उशिराने का होईना. १९६७ ला सुरू झालेल्या अमर चित्र कथेला बाबासाहेब काढायला १९७९ उजाडले. त्यानंतर २०११ मध्ये नवयान प्रकाशनाचे ‘भीमायन’ आले. ते दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातल्या परधान गोंड कलावंतांनी चितारले आहे. वेताळाच्या गोष्टीत जंगलातली माणसे दुसऱ्यांनी काढली होती. इथे जंगलातली माणसे हातात कुंचला घेऊन बाबासाहेबांची गोष्ट सांगतात. व्याम दांपत्याने चौकटी काढायला नकार दिला, माणसांना डब्यात कोंडायचे नाही म्हणून. चौकटींच्या जागी त्यांनी भिंतींवर काढतात तशी दिग्ना नक्षी वापरली. बोलण्याचे फुगेही दोन तऱ्हेचे. सज्जनाचे बोलणे पाखराच्या आकारात, आणि विषारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. आमच्या विहारात हे पुस्तक आले तेव्हा लहान मुलांनी वाचण्याआधी नांग्या मोजल्या. शाळेत पाणी नाकारण्याच्या प्रसंगाशी एक मुलगी थांबली आणि तिने विचारले, हा माणूस कोणत्या गावचा? तिला साताऱ्याचे नाव सांगितले. ती म्हणाली, आपल्या गावात कोणाच्या फुग्याला नांगी होती?

उत्तर द्यायला म्हाताऱ्यांना बोलावले. त्या संध्याकाळी विहारातली वंदना तासभर उशिरा सुरू झाली.